चौदाव्याचं काय काम?

त्या शनिवारी आम्हाला एक पुरुष कमी पडत होता.

म्हणजे मला नव्हे हं! मला तेव्हा कुणी कमीबिमी पडत नव्हतं. अठ्ठावीस वर्षांची होते, चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासत होते आणि बाबांबरोबर दोन खोल्यांत मजेत राहत होते. पुरुष कमी पडत होता तो आमच्या प्रार्थनामंदिराला. आम्ही ज्यू. आमच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊ चालत नाहीत, मग ते कितीही विद्वान असोत. बायका मोजणीत धरत नाहीत. यावर माझं आणि बाबांचं एक जुनं भांडण आहे, ते असो.

शहर केवढं तरी मोठं, पण आमच्या गल्लीतली माणसं हळूहळू लांबच्या उपनगरांत पांगली होती. मागे उरले होते मोजून दहा म्हातारे. त्यातले बेकरीवाले काका गुरुवारी न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. आता तीन महिने तरी अंथरुणातून हलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

आणि नेमका त्या शनिवारी आईचा स्मृतिदिन होता. बाबांना तिच्यासाठी काद्दिश म्हणायचं होतं. गेलेल्या माणसासाठी मागे राहिलेल्यांनी म्हणायची ती प्रार्थना. पण ती एकट्याने म्हणता येत नाही, दहाजणांत उभं राहूनच म्हणायची असते. बाबा मांडीवर हात ठेवून नुसते दाराकडे बघत बसले. वरच्या सज्जातून, जिथे आम्ही बायका बसतो, मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. ती पाठ काही मला बघवेना. मी उठले आणि जिना उतरून सरळ रस्त्यावर आले.

"माफ करा, तुम्ही ज्यू आहात का?"

पहिल्या गृहस्थांनी पलीकडचा फुटपाथ गाठला. दुसरे जरा विचार करून म्हणाले, "नाही. पण माझे दातांचे डॉक्टर आहेत."

"ते आत्ता कुठे भेटतील?"

"ते ना... परदेशात गेलेत."

तिसरा शेजारच्या इमारतीच्या पायरीवर बसून मोजे पिळत होता. गुडघ्यापर्यंत चिंब भिजलेला, आणि आकाशात तर ढगाचा ठिपका नव्हता. बाजूला हत्यारांची पिशवी.

"तुम्ही ज्यू आहात का?"

त्याने मान वर केली. "का? ज्यूंना टॉवेल मिळतो?"

"टॉवेल नाही. बसायला बाकडं मिळेल. तासभर."

तो हसला नाही. हातातल्या मोज्याकडे बघत म्हणाला, "आई होती. वडील नव्हते."

"आई पुरे. आमच्यात आईवरूनच धरतात. चला लवकर."

"अहो, चला काय? तेराव्या वर्षानंतर मी प्रार्थनामंदिरात पाऊल टाकलेलं नाही. आणि आज शनिवार... विश्रांतीचा दिवस. मी आत्ता तिसऱ्या मजल्यावरचा फुटलेला पाइप बसवून आलोय. देवाला कळलं तर?"

"देवाला कळलंच असेल. बाबांना कळू देऊ नका, म्हणजे झालं."

आता मात्र तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरा जास्त मिटतो, हे मी लगेच टिपलं. धंद्याची सवय... दुसरं काही नाही.

आत त्याने पुस्तक उलटं धरलं. शेजारच्या काकांनी ते सुलटं करून दिलं. त्याच्या पँटमधून पाणी ठिबकून बाकाखाली छोटं तळं झालं. पण मोजणी पुरी झाली होती. बाबा उभे राहिले आणि आईसाठी म्हणाले, सावकाश, एकही शब्द न गिळता. शेवटी सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं. त्यात एक आवाज नवीन होता. थोडासा मागून आलेला.

प्रार्थना संपल्यावर नऊ म्हाताऱ्यांनी त्याला घेरलं. हातात बिस्किट कोंबलं आणि चौकशा सुरू. काम काय करता? प्लंबर. राहता कुठे? पुलापलीकडे. लग्न?

"नाही झालं."

नऊच्या नऊ माना एकदम सज्जाकडे वळल्या. मी झटकन खाली वाकले आणि नसलेली चप्पल शोधू लागले.

दारात तो माझ्यासाठी थांबला होता. "पुन्हा माणूस कमी पडला तर फोन करा. लिहून घ्या नंबर."

"आज नाही लिहीत मी. सूर्य मावळेपर्यंत लिहायचं नाही, फोनही करायचा नाही."

"मग कसं हो?"

"सांगा ना. पाठ करते."

त्याने एकेक आकडा असा सांगितला, जणू काचेचं सामान हातात देतोय. मी म्हणून दाखवला.

"चुकलं. शेवटी सत्तेचाळीस."

"तेच म्हणाले मी."

"चौऱ्याहत्तर म्हणालात."

"काहीतरीच!"

दुपारभर मी तो नंबर पुटपुटत होते. बाबांना वाटलं, लेक अचानक धार्मिक झाली. अंधार पडताच फोन लावला. कारण काय, तर आभार मानायला. पलीकडून एक आजीबाई बोलल्या.

"प्लंबर आहेत का?" मी विचारलं.

"प्लंबर? अगं ये बाई, पाठव त्याला! पत्ता लिहून घे. माझा नळ महिनाभर गळतोय."

चौऱ्याहत्तरच लावलं होतं मी. पुन्हा लावायचा काही धीर झाला नाही.

पुढच्या शनिवारी तो आला, कोरड्या पँटमध्ये. आला तो रुसलेला. "फोन करणार होतात."

"केला होता. तुमच्यासाठी एक काम आहे," मी म्हणाले.

रविवारी आम्ही दोघं त्या अनोळखी आजींकडे जाऊन थडकलो. त्याने नळ दुरुस्त केला, मी त्यांच्या चष्म्याची सैल झालेली काडी घट्ट करून दिली. आजींनी खुशाल ठरवून टाकलं की आम्ही नवरा-बायको आहोत. "जोडा छान आहे, पण हा फार वाळलाय. खायला घाल गं," म्हणाल्या. मी त्याच्याकडे बघितलं. तो नळाकडे बघत होता... नळ तर केव्हाच बंद झाला होता.

मग एका मंगळवारी तो दुकानात हजर. "डोळे तपासायचेत. पुस्तकातलं काही दिसत नाही मला."

मी त्याला अंधाऱ्या खोलीत नेऊन खुर्चीत बसवलं, नाकावर तपासणीची जड चौकट चढवली आणि काचा बदलत विचारू लागले, "ही स्पष्ट, की ही?"

"पुन्हा दाखवा."

"ही... की ही?"

"दोन्हीत तुम्ही छान दिसताय."

"माझ्याकडे नाही, समोरच्या तक्त्याकडे बघा."

लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून बघणं हे माझं रोजचंच काम. दिवसाला वीसेक जोड्या होतात. पण त्या दिवशी छोटी बॅटरी घेऊन त्याच्या डोळ्याजवळ वाकले आणि मला माझाच श्वास ऐकू यायला लागला. त्याने तर श्वास रोखूनच धरला होता.

"श्वास घ्या हो. डोळे तपासतेय, फुप्फुसं नव्हे."

"काय निघालं?"

"ठणठणीत आहेत. अगदी खालची ओळसुद्धा वाचलीत तुम्ही."

"मग पुस्तकातलं का दिसत नाही?"

"दिसतं. तुम्हाला ती हिब्रू लिपी येत नाही."

"हां," तो म्हणाला, जराही न लाजता. "त्यावर काही काच नाही का?"

काच नव्हती, म्हणून मग शिकवणी सुरू झाली. संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी अर्धा तास, काउंटरवर, रिकाम्या चष्म्यांच्या रांगांसमोर. त्याला प्रत्येक अक्षरात नळाचं सामान दिसायचं. हा कोपऱ्याचा जोड, ही तोटी, हा उलटा लावलेला पाइप. "आणि हे सगळं उजवीकडून डावीकडे वाहतं," म्हणायचा. अर्ध्या तासाचा तास कधी झाला, दोघांनीही घड्याळाकडे बघितलं नाही. शनिवारी म्हातारे त्याला 'दहावे' म्हणून हाक मारू लागले. आडनावच असावं तसं.

आणि मग ते चार भाऊ आले.

चौघं सुतार. कोपऱ्यावरची बंद वखार घेऊन त्यांनी फर्निचरचा कारखाना टाकला. चौघंही ज्यू, चौघंही धडधाकट, आणि प्रार्थना अशी खणखणीत म्हणायचे की सज्जाचे कठडे थरथरावेत. म्हाताऱ्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. "दहावे नाही आले तरी तेरा होतात!" बाबा घरी येऊन म्हणाले. "आता कुणाच्या खुब्याची काळजी नको."

मंगळवारी तो शिकवणीला आला, पण वही न घेता.

"आता कशाला शिकायचं?" काउंटरवरची एक चौकट उघडत-मिटत तो म्हणाला. "वाचणारे आले की. माझं अडलंय थोडंच."

मी म्हणायला हवं होतं... खूप काही म्हणायला हवं होतं. पण मला राग आला. इतके दिवस हा काय नुसता मोजणीला येत होता? "जशी तुमची मर्जी," मी म्हणाले आणि काच पुसायला घेतली. स्वच्छच होती.

पुढचे दोन शनिवार तो आला नाही. खाली तेरा पुरुष प्रार्थना म्हणत होते आणि मला मंदिर कधी नव्हे इतकं रिकामं वाटत होतं. दुकानात मी एका बाईंना त्यांच्या नवऱ्याचा चष्मा देऊन बसले. त्या बिचाऱ्या दारापर्यंत चाचपडत गेल्या, तेव्हा मला कळलं की हे असं चालायचं नाही.

फोन लावला. या वेळी शेवटी सत्तेचाळीस.

"आत्ता बोलता येत नाही," तो ओरडला. मागे धडधड ऐकू येत होती. "घड्याळाच्या मनोऱ्यासमोरच्या नृत्यशाळेत आहे, सिंकखाली!"

मी दुकानाला कुलूप लावलं.

नृत्यशाळेच्या मोठ्या खोलीत शिक्षिका "एक-दोन-तीन, एक-दोन-तीन" करत बायकांकडून गिरक्या घालून घेत होत्या. मागच्या छोट्या स्वयंपाकघरात सिंकखालून दोन पाय बाहेर आलेले होते. मोजे ओले होते. मी त्या पायांशी जाऊन उभी राहिले.

"तेरा झालेत आता," मी म्हणाले.

पाय दचकले. आत काहीतरी आपटलं. "माहीत आहे," सिंक म्हणाला.

"तुम्ही आलात तर चौदा होतील. चौदाव्याचं काही काम नसतं."

"तेच तर म्हणत होतो मी."

"काही अडत नाही तुमच्यावाचून. प्रार्थना वेळेवर सुरू होते. काद्दिश होतं. सगळं अगदी सुरळीत चाललंय." माझा आवाज भलतीकडेच निघाला होता. "म्हणूनच विचारायला आले. गरज होती तेव्हा कुणालाही बोलावलं असतं मी, त्या दातांच्या डॉक्टरलासुद्धा. आता गरज नाही... आणि तरी मला तूच यायला हवा आहेस."

पलीकडचं एक-दोन-तीन चालूच होतं.

"ऐकू आलं का?"

"आलं," तो हळूच म्हणाला. "'तू' म्हणालीस."

"चुकून आलं."

"मग पुन्हा चूक."

"तू ये," मी म्हणाले.

तो सरपटत बाहेर आला. केसांत गंज, गालावर काळा डाग. जमिनीवर बसूनच माझ्याकडे बघत राहिला. "मला वाटलं, माझी जागा भरली. कुणी विचारलं असतं, तू कशाला येतोस, तर काय सांगणार होतो मी? दहावा आहे म्हणून, एवढंच तर होतं माझ्याकडे."

"आता काय सांगशील?"

त्याने माझा हात हातात घेतला. त्याचा हात गार होता, ओला होता, आणि मी तो सोडला नाही. तेवढ्यात सिंकखालून पिचकारी उडाली आणि आम्ही दोघंही डोक्यापासून भिजलो.

शनिवारी तो आला. केस विंचरलेले, सदरा इस्त्रीचा. सगळे बसले होते. बाबांनी चष्म्यावरून बघितलं. "अहो दहावे, आज भरपूर आहेत. तुम्ही उगाच तसदी घेतलीत."

"मी मोजणीसाठी नाही आलो."

"मग?"

त्याने सज्जाकडे बघितलं. या वेळी मी चप्पल शोधली नाही.

"तुमच्या मुलीसाठी आलोय," तो म्हणाला. सगळ्यांसमोर, स्वच्छ.

चार सुतारांपैकी एकाला ठसका लागला. बाबांनी पुस्तक मिटलं, वर माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग ते बाकावर जरा सरकले आणि शेजारची जागा हाताने झटकली.

"उभे काय राहिलात? बसा. तिथे नको, दाराशी वारा लागतो. इकडे या, माझ्याजवळ."

तो बसला. बाबांनी त्याच्या हातात पुस्तक दिलं. त्याने ते सुलटं धरलं आणि एका ओळीवर बोट ठेवून, उजवीकडून डावीकडे, अडखळत वाचू लागला. माझ्या शेजारी बसलेल्या बेकरीवाल्या काकूंनी मला कोपराने ढोसलं.

"डोळे पूस आणि पान उलट गं. ते लोक केव्हाच पुढे गेले."