क्लिपवरचा अंगठा

गावात कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं मी करतो. हे काम साधंच होतं, म्हणून मी जेवण उरकून निघालो. गावच्या वाचनालयातलं नेट जळालं होतं आणि सारिका बोलवायला आली होती. नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरायचा तिचा शेवटचा दिवस, पाच वाजेपर्यंत. पहाटे मोबाईल टॉवरवर वीज पडल्यानं फोन मुके होते. अमडापूरला जाऊन भरावा तर रस्त्यात पुलावरून पाणी चाललं होतं. म्हणजे वाचनालयातलं नेट लागलं तर फॉर्म, नाहीतर एक वर्ष वाया.

खोलीत जळक्या प्लास्टिकचा वास कोंडला होता. वाचनालयाचे अध्यक्ष भगवंतराव गुरुजी खुर्ची अडवून बसले होते.

"मेन स्विच पाडला होता मी. मंग कसे जळले हे?"

"मेन स्विचनं लाईट बंद होते, गुरुजी. वीज नेटच्या वायरीतून आली. ती तशीच ठेवली तुम्ही."

"इंजिनिअरिंग अर्धवट सोडून आलेलं पोट्टं मले शिकवते आता!"

सोडलं, हो. दुसऱ्या वर्षाला. पण ही वायर काढायची असते हे मला कॉलेजानं नाही शिकवलं. सारिकाच्या भावानं, माझ्या दोस्तानं, अश्वजितनं शिकवलं. हे वाचनालय तोच चालवायचा. ढग यायच्या आधी वायर काढा, हे तो रोज सांगायचा. गुरुजींना ते आठवलं मागच्या वर्षी, पोळ्यानंतर, ढग डोक्यावर आल्यावर. त्यांनी त्याला घरून बोलावून घेतलं, जाय, वायर काढून ये म्हणाले. वायर त्याच्या हातात असतानाच वीज आली. शोकसभेत गुरुजी पाऊण तास बोलले आणि शेवटी सगळं दैवावर टाकून मोकळे झाले.

मी कामाला लागलो. चार कॉम्प्युटरपैकी तीन मेले होते. चौथ्याचं फक्त नेटचं कार्ड गेलं होतं, माझ्याजवळचं जुनं बसवलं. समोरच्या पंचायतीतून येणाऱ्या वायरीचं टोक काळं पडलं होतं, हातभर कापून नवा प्लग चढवला. लाईट नव्हती, इन्व्हर्टरवर भागवलं. साडेतीनला पडद्यावर पान उघडलं.

"लागलं म्हणजे नशीबच," गुरुजी म्हणाले.

"नशीब नाई गुरुजी. हात आहे हा."

सारिका फॉर्म भरायला बसली. साडेचार उलटले तसं बाहेर अंधारून आलं. लांब कुठंतरी गडगडलं, आणि नेट गेलं.

मी वाकून पाहिलं. प्लग बाहेर आला होता.

आता हे समजून घ्या. नेटच्या प्लगला एक चिमुकली क्लिप असते. ती अंगठ्यानं दाबल्याशिवाय प्लग निघत नाही. ओढाल तर वायर तुटेल. आणि हा प्लग नुसता निघाला नव्हता. वायर गुंडाळून टेबलावर ठेवली होती. तीन वेढे सरळ, चौथा आडवा.

"गुरुजी, हात नका लावू म्हटलं ना!"

"म्या कुठं लावला बे? मी तं दारात आहो."

ते खरंच दारात होते. सारिका त्या वेढ्यांकडे बघत होती. हळूच म्हणाली, "अशी तं दादा ठेवत होता..."

मी प्लग परत बसवला आणि तिथंच डोळे लावून उकिडवा बसलो. पुन्हा गडगडलं, आता जवळ. ओल्या सदऱ्याचा, करपलेल्या केसांचा वास आला. माझ्या डोळ्यांदेखत ती क्लिप खाली दबली. कुणीच दाबत नव्हतं. टक्. प्लग बाहेर.

मी झटक्यात मागं सरकलो. पण खोटं कशाला सांगू, भीतीपेक्षा अभिमान मोठा होता. गावातल्या एकाही मोठ्या माणसाला जमलं नाही, ते माझा दोस्त मेल्यावरही चोख करत होता. ढग आले, वायर काढली. बस्स.

फक्त आज ती काढून चालणार नव्हतं.

"किती राह्यलं?"

"तीन कागद चढवायचे आहेत. पंधरा मिनिटं उरले, प्रेमदादा..."

मी प्लग आत रेटला. उजवा अंगठा उलटा केला, नख क्लिपला टेकवलं आणि पेर बाहेर ठेवून ढालीसारखा धरला. क्षणभर काही नाही. मग माझ्या पेरावर दुसरं पेर येऊन टेकलं. थंड, ओलं. आणि दाबायला लागलं.

"अश्व्या... सारिकाचा फॉर्म आहे बे... दहा मिनिटं दे..."

"कोणासंग बोलून राह्यला तू?" सारिकानं वळून विचारलं.

"तू कागद टाक. थांबू नको."

दाब कमी झाला नाही, वाढला. हाड दुखायला लागलं. खिडकी पांढरी झाली, परत काळी झाली.

"प्रेम, सोड ते..." दारातून गुरुजी ओरडले. "मरशील लेका!"

"हे मागच्या वर्षी म्हणाले असते तं, गुरुजी..."

गुरुजींनी मान खाली घातली. पहिल्यांदाच.

"गेला!" सारिका किंचाळली. "फॉर्म गेला! पोच आली!"

चार वाजून छप्पन्न मिनिटं. मी अंगठा बाजूला घेतला मात्र, प्लग उसळून बाहेर आला. तो टेबलावरून खाली पडायच्या आत बाहेरच्या खांबावर वीज कोसळली. वायरीच्या टोकातून निळी ठिणगी हातभर उडाली. माझ्यापासून चार बोटांवर.

सारिकाला प्रवेश मिळाला. गुरुजींनी सभेत वाचनालयाचं कौतुक केलं, त्यात माझं नाव नव्हतं. मला फरक पडत नाही. तो फॉर्म कुणामुळे भरला गेला, ते मला आणि सारिकाला ठाऊक आहे.

त्यानंतर आठ दिवसांनी मी रेशन आणायला गेलो. मशीननं माझा उजवा अंगठा नाकारला. तीनदा. दुकानदार म्हणाला, "कामानं घासला असन, डावा लाव." डावा लगेच चालला.

घरी येऊन मी भिंग घेऊन बघितलं. उजव्या अंगठ्यावरच्या रेघा घासलेल्या नाहीत. चांगल्या ठळक आहेत.

लोकांना बँकेतले पैसे काढून द्यायला तसली मशीन माझ्याकडेही आहे. तिच्यात आधारचा नंबर टाकला की ती अंगठा त्या माणसाचा आहे का ते सांगते. सारिका सुट्टीत आली तेव्हा मी तिला हे बोललो. ती माझा अंगठा उजेडात धरून म्हणाली, "दादाचा नंबर टाकून पाह्य ना."

त्याचे फॉर्म भरून भरून अश्वजितचे ते बारा आकडे मला पाठ आहेत. मशीन टेबलावर पडून आहे. अजून टाकले नाहीत.