नावं पुकारली त्या रविवारी

रेजिना गेल्याची तार मला धरणाच्या कामावर मिळाली. ताप डोक्यात गेला होता. बरोबरचे लोक म्हणाले, "देवाची मर्जी, साहेब." मी मान हलवली नाही. रेजिनाने कुणाची मर्जी कधी मुकाट्याने ऐकली नव्हती. मी तरी का ऐकू?

ती मला भेटली १९५० साली, आगाशीच्या रस्त्यावर बंद पडलेल्या बसमध्ये. मी मुंबईहून इंटर सायन्सचा निकाल घेऊन येत होतो. एकदा नापास, आता कसाबसा तिसरा वर्ग. ड्रायव्हरबरोबर मीही बॉनेटमध्ये डोकं घातलं. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

"अहो इंजिनियर, जरा हात चालवा... माझी फुलं सुकतात."

मांडीवर मोगऱ्याची टोपली, कपाळाला चिकटलेले केस.

"मी इंजिनियर नाही. कॉलेजात एकदा नापास झालेला आहे."

"मग बरं. पास झालेले हात काळे करत नाहीत."

बस सुरू झाली. मी म्हटलं, "एखादं फूल तरी द्या."

"विकायची आहेत," ती म्हणाली आणि बाहेर बघत हसली.

पुढे आगाशीच्या बाजारात आम्ही भेटत राहिलो. रसायनशास्त्र माझ्या डोक्यात शिरत नाही, यंत्र मात्र लगेच कळतं, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग यंत्रं शिक. कोण अडवतंय?"

मी इंजिनियरिंग कॉलेजात गेलो. प्रिन्सिपॉल माझे गुण बघून म्हणाले, "या गुणांवर इथे यायचं म्हणतोस?"

"गुण वाईट आहेत, सर. मी घरी जाणार नाही. काय विचारायचं ते विचारा."

त्यांनी तासभर विचारलं. मग म्हणाले, "घेतो. सहामाहीला नापास झालास तर त्याच दिवशी गाशा गुंडाळायचा."

पण रेजिनाचे वडील हिलरी यांनी साफ सांगितलं, "नोकरी असेल तर मुलगी. तोवर दुसरं स्थळ बघतो." बाबांनी मला कारकुनी शोधून दिली. मी हो म्हटलं. कॉलेज नंतर कधीतरी मिळालं असतं, रेजिना मिळाली नसती. तिला मात्र हे सांगायची हिंमत झाली नाही. तिला ते बाजारात दुसऱ्याकडूनच कळलं.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये जोडप्याची नावं पुकारतात. पहिल्या रविवारी फादर आग्नेल यांनी आमची नावं वाचली. "या लग्नाला कुणाला अडथळा माहीत असेल, तर त्याने सांगावं."

बायकांच्या बाजूला रेजिना उभी राहिली.

"मला माहीत आहे, फादर."

सगळं चर्च वळलं.

"बाय, तू स्वतः नवरी आहेस."

"म्हणूनच. याने आधीच दुसरीकडे शब्द दिलाय, कॉलेजला. दिलेला शब्द मोडून लग्न चालतं का?"

कुणीतरी फिसकन हसलं. फादर चष्मा पुसायला लागले.

बाहेर मी तिला गाठलं. "माझं नाक कापलंस."

"जागेवर आहे. लाल झालंय फक्त."

"आणि तुझ्या वडिलांनी दुसरं स्थळ आणलं तर?"

"तिथेही उभी राहीन. आता मला सवय झाली."

"चार वर्षं, रेजिना..."

"नापास होऊ नकोस, म्हणजे पाच होणार नाहीत." मग हळूच म्हणाली, "मला तूच हवास रे. पण पडलेल्या तोंडाचा नको."

हिलरींनी महिनाभर तिच्याशी बोलणं टाकलं. तिने दुसरं स्थळ दारात उभं केलं नाही. मी सहामाहीला पास झालो. नंतरही नापास झालो नाही. चार वर्षांनी आमची नावं पुन्हा पहिल्यापासून पुकारली, तेव्हा सगळे माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होते. ती शांत बसली होती. अडथळ्याचं विचारलं तेव्हा हिलरी मुद्दाम मोठ्याने खोकले.

लग्नानंतर ती म्हणाली, "आता माझी पाळी." तिची शाळा सातवीत सुटली होती. चुलीशी बसून बीजगणित करायची. माझं उत्तर चुकलं की म्हणायची, "तिसरा वर्ग!" लोक विचारायचे, या वयात कशाला? ती म्हणायची, "तुम्हाला कशाला?"

यंदा मार्चमध्ये ती परीक्षेला बसणार होती.

रेजिनाची मॅट्रिक राहिली.