भिंतीवरचे दोन नान

सीलबंद माल देशातून पार नेणाऱ्या ट्रान्झिट गाड्यांच्या सीमेवरच्या तळावर ट्रक पोहोचला. वाळवंटातल्या रस्त्यावर अशा गाड्यांना थांबायची बंदी होती. मागच्या दाराचं सील शाबूत होतं, फक्त त्यावर ताजे ओरखडे होते. दोन चालकांपैकी थोरला भाऊ नोरबेक मात्र गायब होता.

सीमाशुल्क तपासनीस सओदत धाकट्याला, एर्गाशला, घेऊन थेट त्यांच्या घरी गेली.

"आपा, किती वेळा सांगू? दादा काल गावात उतरला, घरी येऊन नवा नान चावला आणि रशियात कामाला गेला. तो नान बघा भिंतीवर!"

प्रवासाला निघणाऱ्यानं नानचा एक घास तोडायचा, उरलेला घरच्यांनी टांगून ठेवायचा. त्याचा माणूस परतून स्वतः तो संपवेपर्यंत त्याला दुसरं कुणी हात लावत नाही. सओदतच्याही घरी असा एक नान तीन वर्षं लटकत होता. तिकडे बघायचं ती टाळायची.

"मग मला का नाही उठवलं त्यानं?" नजर अधू झालेली आई ओयगुल म्हणाली. "आज पहाटे दाराशी तो खोकला. मी हाक मारली, तर कुणीच नाही. पोरी, जिवंत आहे ना गं माझा लेक?"

"बघते, खाला." सओदत म्हणाली.

तिनं नान उतरवला. मागे त्याच खिळ्याला दुसरा होता, घास तोडलेला, वाळून दगड झालेला.

"हा कुणाचा?"

"दादाचाच. या फेरीला निघतानाचा."

"काल भूक नव्हती वाटतं त्याला?"

"घाईत होता."

"घाईत नवा चावायला वेळ मिळाला, होय रे?"

सओदतनं दुसराही नान उतरवून त्याच्यासमोर धरला.

"परतलेला माणूस आधी आपला जुना नान संपवतो, मगच नव्याला तोंड लावतो. नोरबेक परतलाच नाही. नव्या नानचा घास तू तोडलास. जुना तुला नाहीसा करायचा होता, पण नान फेकणं पाप, आणि मेलेल्याच्या वाटणीचं खायची तुझी छाती झाली नाही. सील तोडून माल विकणार होतास. तो आडवा आला."

एर्गाश मटकन खाली बसला. "नुसता धक्का दिला हो, आपा! डोकं चाकावर आपटलं. किझिलकुम वाळवंटाच्या वाळूत पुरलं त्याला. ट्रकमध्ये शेजारच्या सीटवरून अजून खोकतो तो."

ओयगुल रडली नाही. चाचपडत तिनं धाकट्याची बाही घट्ट धरली.

"त्या रस्त्यावर ट्रान्झिटच्या गाड्यांना थांबायची बंदी आहे ना रे? मग तिथं माझ्या पोराजवळ थांबणार कोण?"