रिकामं पिंप

दार लोटून घ्या पोरांनो आणि मध्ये बोलू नका. ही गोष्ट कुंभिवलीच्या पोपटची, माझ्या चांगल्या ओळखीतला माणूस. हायवेला त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं. ब्याऐंशी सालची चैत्र अमावास्या, नुकती दिवेलागण झालेली. अक्षय्यतृतीयेला त्याच्या पोरीचं, कोंडीचं लग्न. वऱ्हाडाला हातपाय धुवायला पाणी हवं, म्हणून त्यानं केमिकल कंपनीतून एक रिकामं पिंप आणलं होतं. वरचा पत्रा कापून काढला की काम झालं.

आता, असंच पिंप कापताना त्याचा भागीदार लडकू आदल्या साली जागच्या जागी गेला होता. पिंपात थेंब नसला तरी वाफ कोंडलेली असते, तिला ज्योत लागली की पत्र्याच्या चिंधड्या. पण पोपटचं आपलं म्हणणं, लडकूच्या पिंपात केमिकल उरलं होतं. हे तर त्यानं दिवसभर उन्हात उपडं घातलेलं. कोरडं ठणठणीत. वास येत होता, तो काय येणारच. एकदा डोक्यात घेतलं की गडी ऐकायचा नाही.

कोंडी बॅटरी धरून शेजारी उभी राहिली. पोपटनं कटरचा गॅस सोडला, काडी ओढली. विझली. दुसरी ओढली... विझली. वारा नाही. पान हलत नाही. तिसऱ्या काडीला मनगटावर फुंकर आली. गार.

"फुकू नको गं," पोपट म्हणाला.

कोंडीनं बॅटरीचा उजेड पिंपाच्या माथ्यावर नेला.

"बाबा... मी नाय फुकत."

"मग?"

"लडकूकाका... पिंपावर बसलाय. मान हलवतोय... नको म्हनून."

पोपटनं वर पाहिलं नाही. काडेपेटी हातातून पडली. चाचपडत गॅस बंद केला. पोरीचा हात धरला आणि घर गाठलं.



सकाळी पोपट दुकानात गेला, तर पिंप जागचं हलेना. बुचाच्या तोंडापर्यंत पाण्यानं भरलेलं. कंपनीतला फिटर गोमा तिथून चालला होता, तो म्हणाला, बरं केलंस, कापायच्या आधी असंच पाणी भरतात, वाफेला जागा उरत नाही. त्याला वाटलं पोपटनंच भरलंय. पोपट ढसाढसा रडला. पोरगी काल हातभर अंतरावर उभी होती.

दुकानात बादली नव्हती. विहीर पार ओढ्यापलीकडे, तीही आटलेली. आणि पिंपाभोवतीची धूळ कोरडी होती. तिच्यात पावलं होती ती बाप-लेकीचीच.