झोपलेल्या संगणकाचा कान

ज्या माणसाने मंगळाभोवती फिरणारं यान इथे पृथ्वीवर बसून चालवलं, त्याला घरचा संगणक चालू करायला नात लागते! हे माझे नाना. अंतराळ संस्थेतून निवृत्त झाल्यावर, पंख्याची घरघर नको म्हणून त्यांनी संगणकाचा डबा पोटमाळ्यावर नेऊन ठेवला. पडदा आणि कळफलक खाली, बटण मात्र वर. ‘शालू, जरा बटण दाब गं’ हे ऐकून ऐकून आणि शिडी चढून चढून मी मेटाकुटीला आले होते. आमचा घरचा यंत्रमानव, ‘बुटक्या’ त्याचं नाव, चाकांवर चालतो. त्यामुळे शिडीपुरता तो बिनकामाचा.

त्यात आमच्या शाळेचा छोटासा उपग्रह आता खाली येऊन जळून जाणार होता. त्याचा शेवटचा संदेश आमच्या गच्चीवरची अँटेना टिपणार होती, पण त्यासाठी नानांचा संगणक चालू हवा. उपग्रह आमच्या सांगलीवरून जाणार नेमका मावसबहिणीच्या लग्नाच्या मुहूर्तावर, आणि लग्न कोल्हापुरात!

“संगणक चालूच ठेवून जाऊ या ना!” मी म्हटलं.

“छे! माळा भट्टीसारखा तापतो. तासाभरात बंद पडेल तो.”

मग मी मोबाइलवरून चालू-बंद होणारा प्लग आणून लावला. मोबाइलवर बोट टेकवलं, प्लगचा दिवा लागला, संगणक ढिम्म! मी प्लगवर जाम वैतागले.

“प्लगला कशाला बोलतेस?” नाना हसले. “तू ताट वाढलंस, पण झोपलेल्याला ऊठ म्हणून हाक कोणी मारली?”

“म्हणजे?”

“संगणकाचं बटण घरातल्या दिव्याच्या बटणासारखं वीज जोडत नाही. ते फक्त दोन बारीक तारा क्षणभर एकमेकींना टेकवतं. ते मदरबोर्डला (संगणकातल्या मुख्य पाटीला) कळतं आणि ती बाकीच्यांना उठवते.”

“पण संगणक बंद असताना तिला कसं कळतं?”

“तो पुरता बंद नसतोच. थोडीशी वीज आत चालू असते. सगळे झोपतात, एक कान जागा राहतो.”

म्हणजे मला बोटाचं काम करणारं काहीतरी हवं होतं. नानांनी रिले (विजेच्या इशाऱ्याने तारा जोडणारा आणि सोडणारा छोटा स्विच) आणला. आधी त्यांनी संगणकाची वायर काढली, मग आम्ही बटणाच्या दोन तारांना रिलेच्या दोन तारा जोडल्या. त्यामुळे जुनं बटणही चालत राहिलं. रिलेची मोबाइलचा इशारा ऐकणारी पट्टी संगणकातल्या त्याच थोड्याशा विजेवर चालणार होती. रिलेने तारा क्षणभरच टेकवायच्या, कारण बटण दाबून धरलं तर संगणक जबरदस्तीने बंद होतो. वायर परत लावली, मोबाइलवर बोट टेकवलं आणि माळ्यावर पंखा घरघरला. मी नाचलेच.

कोल्हापुरात मंगलाष्टकं सुरू झाली. एका हातात अक्षता, दुसऱ्यात मोबाइल. बोट टेकवलं. ‘संपर्क नाही.’ पुन्हा तेच!

“नाना, निघताना माळ्याच्या विजेचं भिंतीवरचं बटण…?”

“बंद केलं की! बंद घरात काही चालू ठेवू नये,” नाना अभिमानाने म्हणाले.

“अहो, मग जागा कान कशावर चालणार?”

नानांचा चेहरा पडला. “अगं, हे मला सुचलंच नाही गं!” मला तर रडूच आलं. एवढं यान चालवलं आणि हे सुचलं नाही!

पण भिंतीवरच्या बटणाला शिडी लागत नव्हती. मी बुटक्याला फोन लावला.

“बुटक्या, माळ्याच्या शिडीशेजारचं बटण चालू कर. पळ!”

“मी पळत नाही, घरंगळतो,” तो शांतपणे म्हणाला.

“मग घरंगळ रे बाबा, पण लवकर!”

टक्! मी जरा थांबले, मग बोट टेकवलं. संगणक जागा झाला. इकडे वाजंत्री वाजली आणि संगणकाने पुढे धाडलेला एक शब्द मोबाइलच्या पडद्यावर उमटला. वर्गात हजेरीला आम्ही म्हणतो तोच शब्द आम्ही उपग्रहाला शिकवला होता : ‘हजर.’

त्यानंतर काहीच आलं नाही. अक्षता माझ्या मुठीतच राहिल्या होत्या.

“तोही वर असाच झोपायचा बरं का,” नाना हळूच म्हणाले. “एक कान जागा ठेवून, तुमच्या हाकेची वाट बघत.”

पुढचा उपग्रह आम्ही चंद्राकडे पाठवणार आहोत. त्याचा जागा कान मीच बनवणार, आणि नानांना एकाही बटणाला हात लावू देणार नाही.