बेटावरचा बुधवार

"उद्या नदीवर कायाकिंग नक्की! पण आधी माझा चष्मा आणा," बागेतून पुरुषोत्तमकाका ओरडले. बार्बेक्यू काही केल्या पेटत नव्हता आणि काका काही केल्या हार मानत नव्हते.

बारा वर्षांची दिया आणि दहा वर्षांचा कुश उन्हाळ्याच्या सुट्टीत ब्रिस्टलहून रीडिंगला काकांकडे आले होते. दोघं धावतच काकांच्या खोलीत शिरले.

काका हवामानाच्या एका छोट्या कंपनीत होते. पॅसिफिक महासागरातल्या नुआवेला बेटाला रोज वारा-लाटांचा अंदाज पाठवणारी सहकारी रजेवर गेली आणि ते काम आजपासून काकांच्या गळ्यात पडलं. "दहा मिनिटांचं तर काम!" म्हणत त्यांनी संध्याकाळी पाचलाच अंदाज पाठवला आणि लॅपटॉप तसाच उघडा टाकला. मोठी माणसं असं म्हणाली की खुशाल काळजी करावी!

"ताई, हे घड्याळ बंद पडलं?" कुशने भिंतीकडे बोट दाखवलं. एका घड्याळाखाली 'रीडिंग' लिहिलं होतं, दुसऱ्याखाली 'नुआवेला'. "दोन्हींत सेम टाइम!"

"बंद नाही रे. बेट बारा तास पुढे आहे, म्हणून काटे सारखे. तिथे आत्ता सकाळचे पावणेसहा..." दिया एकदम थांबली. "सकाळचे! म्हणजे तिथे बुधवार उजाडला!"

"सो?"

"इथे अजून मंगळवार आहे! आणि काकांनी काय लिहिलंय बघ!"

स्क्रीनवर होतं: 'आज समुद्र शांत. उद्या सकाळी सातपासून बारा फुटी लाटा. होड्या काढू नयेत.' शेजारच्या तक्त्यात त्या लाटांपुढे बेटाचा वार होता, बुधवार.

काकांचं 'उद्या' बेटावर केव्हाच सुरू झालं होतं!

तेवढ्यात बंदराच्या ऑफिसचा मेल आला. 'थँक यू, रीडिंग! समुद्र शांत आहे ना, मग शाळेची बोट सहाला सोडतो. एकोणतीस मुलं, पलीकडच्या बेटावर मॅचेस आहेत.'

"काका! लवकर या!"

"आलो, आलो! कोळसा आत्ता कुठे..."

"तुमचा फोरकास्ट चुकला!"

"काहीतरीच काय! कॉम्प्युटरने चेक केलाय तो. लॅपटॉपला हात लावू नका!"

दिया आणि कुशने एकमेकांकडे पाहिलं. कुश बागेत धावला, काकांच्या हातातला चिमटा हिसकावला आणि घरात पळाला! "अरे गाढवा!" करत काका मागोमाग. इकडे दियाने टेबलावरच्या काकांच्या फोनवरून बंदराच्या मेलखालचा नंबर लावला.

"बोट सोडू नका!" ती इंग्रजीत ओरडली. "मोठ्या लाटा उद्या नाही, आज येणार आहेत!"

"मुलं लवकर आली, बोट तर आधीच गेली!" पलीकडची बाई म्हणाली. पुढच्याच क्षणी ती वायरलेसवर जिवाच्या आकांताने ओरडू लागली.

चिमट्यामागे आलेल्या काकांनी मेल वाचला, तक्ता पाहिला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे देवा! हे मी काय करून बसलो?" त्यांनी लगेच सुधारलेला अंदाज पाठवला.

फोन चालूच होता. वीस मिनिटं तिघंही जागची हलली नाहीत.

"बोट परत आली! मुलं उतरतायत!" बाई मोजू लागली. कुश बोटांवर मोजत होता. "सत्तावीस... अठ्ठावीस..."

पुढे काहीच ऐकू येईना.

"हॅलो? हॅलो!" दिया किंचाळली.

"एकोणतीस," बाई म्हणाली. "सॉरी. ही माझी मुलगी. तिला मिठीच मारली, मोजायचं राहूनच गेलं."

काका मटकन खुर्चीत बसले. त्यांनी फोन घेतला. "चूक माझी होती, मॅडम. कंपनीलाही आत्ताच तसं कळवतो. ही चूक पकडली माझ्या पुतणीने आणि पुतण्याने. मी तर त्यांचं ऐकूनसुद्धा घेत नव्हतो."

"मग मला त्यांच्याशी बोलू द्या," बाई म्हणाली.

काकांनी फोन स्पीकरवर टाकला आणि खोलीभर एकोणतीस मुलांचा गलका घुमला. कुशला रडूच फुटलं.

"रडतोस काय, वेड्या!" दिया म्हणाली. तिचेही डोळे भरून आले होते.