खळबळून धुतलेला झगा

ही गोष्ट खरी आहे.

पटली नाही तर सोडून द्या, पण खोटी म्हणू नका. जिच्या बाबतीत ती घडली ती ऑनोरीन माझ्या आईची सख्खी मावशी. त्या बाईने आयुष्यात एकच खोटेपणा केला. तोही बोलून नाही, गप्प बसून.

साल १८६४. पॅरिस. फेब्रुवारीतला गुरुवार, दुपारचे तीन.

हो, दुपारचेच. भुतं रात्रीच येतात असं तुम्हाला कुणी सांगितलं?

थिएटरच्या माळ्यावर ऑनोरीनची शिवणखोली होती. बॅले नाचणाऱ्या पोरींचे झगे तीच शिवायची. पातळ मलमलीचे थरावर थर, फुंकर मारली तरी हलणारे. आणि खाली रंगमंचावर गॅसचे दिवे, उघड्या ज्योतींचे. म्हणून नियमच होता, प्रत्येक झगा तुरटीच्या दाट पाण्यात बुडवून वाळवायचा. मग तो सहजासहजी पेट घेत नाही.

पण तुरटीने झगा पिवळट पडतो, ताठ होतो. पोरी नाकं मुरडायच्या.

ऑनोरीनची लेक झेली त्याच पोरींमधली. सतरा वर्षांची. वर्षभरापूर्वी तिला पहिल्यांदाच एकटीने नाचायला मिळालं होतं.

"आई, आजच्या दिवस गं! या पोत्यात नाचले तर गॅलरीतले लोक हसतील मला."

"हसू देत. चार दिवसांनी विसरतील."

"मी नाही विसरणार."

आईच ती. विरघळली. झगा स्वच्छ पाण्यातून तीनदा खळबळून काढला. तुरटी गेली. झगा पांढराशुभ्र, मऊसूत झाला. झेलीने आईच्या गळ्यात पडून दोन्ही गालांचे मुके घेतले.

त्या संध्याकाळी विंगेत वळताना झग्याची कड दिव्याला लागली.

झेली नऊ दिवस जगली.

त्या नऊ दिवसांत कुणीतरी तिच्या उशाशीच म्हणालं, "पोरीने चोरून धुतला असणार. हट्टी होती." झेलीने आईकडे पाहिलं. काही बोलली नाही. ऑनोरीनने मान खाली घातली.

तीही काही बोलली नाही.

झालं! साऱ्या थिएटरात तेच खरं ठरलं. नव्या पोरींना दटावायला झेलीचं नाव घेऊ लागले. ऑनोरीन टाके घालत ऐकायची.

वर्षाने तोच नाच पुन्हा लागला. झेलीची जागा पाल्मीरला मिळाली. तोंडाने फटकळ, पण पोर वाईट नव्हती. ऑनोरीनने सोमवारी तिचा झगा तुरटीत बुडवला, शेगडीजवळ दोरीवर टांगला आणि खोलीला कुलूप लावलं.

मंगळवारी सकाळी कुलूप उघडलं तर...

झगा ओलाचिंब. पांढराशुभ्र. मऊ. तुरटीचा मागमूस नाही.

तिने पुन्हा बुडवला. बुधवारी पुन्हा तेच.

गुरुवारी रात्री आठला खेळ. ऑनोरीनने सकाळी तिसऱ्यांदा झगा बुडवून टांगला आणि इस्त्रीवाल्या क्लोरिंदला म्हणाली, "आज तू माझ्याजवळच बस. मीच झोपेत उठून धुते की काय, देव जाणे. माझे हात धरून ठेव."

"चला, आता हेही काम माझ्याच गळ्यात," क्लोरिंद पुटपुटली. पण बसली. हात घट्ट धरले.

दुपारपर्यंत झगा खडखडीत वाळला. पडद्याआड धुण्याचा लाकडी टब होता. तिथे कुणी नव्हतं, टबात पाण्याशिवाय काही नव्हतं.

तीनचे टोले पडले. आणि मग...

चुबुक.

कुणीतरी पाण्यात कापड बुडवलं.

चुबुक... चुबुक...

दोघींनी शेगडीकडे पाहिलं. दोरीवर झगा नव्हता.

क्लोरिंदने हात सोडले नाहीत. ऑनोरीनचे हात कोरडे होते. हे क्लोरिंद मरेपर्यंत शपथेवर सांगायची.

एकदा खळबळलं. पिळलं. दुसऱ्यांदा. ऑनोरीन मनात मोजत होती, कारण तीनदा कुणी धुतला होता ते जगात फक्त तिला आणि झेलीलाच ठाऊक होतं.

तिसऱ्यांदा पिळल्याचा आवाज आला, तेवढ्यात दार ढकलून पाल्मीर आत आली. झगा पुन्हा दोरीवर होता. ठिबकत.

"अय्या, धुतलात? देव पावला, मादाम! आठपर्यंत वाळेल की."

"तो घालायचा नाही. जळून मरशील."

"मी काय झेली आहे? तिला मेलीला अक्कल नव्हती. चोरून धुतला आणि वर दिव्याशी जाऊन गिरकी घेतली. मी जपून नाचेन."

पडद्यामागचं पाणी थांबलं.

एक थेंबही वाजेना. शेगडीतले निखारेसुद्धा गप्प. पडद्याआड कुणीतरी श्वास धरून उभं आहे, उत्तराची वाट बघतंय, असं ऑनोरीनला वाटलं.

तिने हात सोडवून घेतले.

"मी धुतला," ती म्हणाली. "झेलीने नाही. ती मागत होती, पण आई मी होते. मी धुतला, आणि वर्षभर तुम्ही सगळे तिला बोल लावत होता तेव्हा मी तोंड शिवून बसले."

पाल्मीरने स्वतःच झगा दोरीवरून उतरवला आणि तुरटीच्या घमेल्यात बुडवला.

पडद्याआडून कुणीतरी चालत गेलं. दिसलं नाही कुणी. पण फरशीवर ओली पावलं उमटत गेली... एक, मग दुसरं... टाचा जवळ, बोटं बाहेर वळलेली. लहानपणापासून बॅले शिकलेली पोरगीच तशी चालते. पावलं ऑनोरीनच्या पायांपाशी आली.

तिथे दोन्ही जुळली. थांबली.

ऑनोरीनने हात पुढे केला. हाताला गारवा लागला, बस्स.

मग पावलं दाराबाहेर गेली.

पाल्मीर त्या रात्री पिवळट झग्यात नाचली. गॅलरीतलं कुणीही हसलं नाही. ऑनोरीनने खाली जाऊन मॅनेजरलाही सगळं सांगितलं. नोकरी गेली. तिला त्याचं काही वाटलं नाही.

लोक म्हणतात, पोरीला शांती मिळाली. असेल. मला ठाऊक नाही. मला आठवते ती म्हातारी ऑनोरीन. भरल्या टबाशेजारी खुर्ची टाकून बसायची. आई तिला म्हणायची, "मावशी, उठ आता. खरं बोललीस, सुटलीस ना?"

"सुटले गं," ती म्हणायची. "पण गप्प राहिले असते तर ती रोज आली असती."